कार्तिक द्वादशीचा रामगिरि
(मौद्याहून रामटेकास केलेल्या एका सपत्नीक मुक्कामाच्या निमित्तानें)

थंडीच्या दिवसांत नवराबायकोनें दोन रात्री डोंगरावरच्या एखाद्या गांवीं जाऊन स्वस्थ राहावें, ही कल्पना आपल्या लोकांची नव्हे, ती साहेबाच्या मागून आली, असें विधान बऱ्याच सुशिक्षितांच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे. विधान करणारे बहुधा चिखलदऱ्याकडे किंवा पचमढीकडे बोट दाखवितात. परंतु हेच दाखले नीट तपासले तर निष्कर्ष उलट निघतो. साहेब डोंगरावर चढला तो उन्हाला भिऊन. कॅप्टन फोर्सिथ यानें पचमढीस १८६२ सालीं आपला बंगला बांधिला, त्याच्या एकच वर्ष आधीं, १८६१ सालीं, मध्यप्रांत हा इलाखा अस्तित्वांत आला होता. पुढें त्या प्रांताच्या सरकारानें पचमढीस आपलें उन्हाळी ठाणें केलें. महाबळेश्वरास मालकम याच्या कारकीर्दींत वसाहत झाली तीहि उष्म्याच्या त्रासामुळेंच. वैशाख वणवा पेटला कीं वर जावें आणि पाऊस आला कीं खालीं उतरावें, असा त्यांचा क्रम. हिवाळ्यांत साहेब डोंगरावर नसे. तंबू घेऊन मुलखांत फिरतीवर असे. तेव्हां थंडींत डोंगरावर जाण्याची चाल साहेबाकडून आली म्हणणें म्हणजे ज्याच्या घरीं ती वस्तु नव्हती त्याच्याकडून ती उसनी आणली म्हणण्यासारखें आहे.

मग ही चाल आपली कितपत जुनी? या प्रश्नाचा विचार आम्ही फारसा केला नसता. परंतु गेल्या कार्तिकांत आम्ही उभयतां मौद्याहून रामटेकास जाऊन तीन रात्री राहिलों, आणि तेथें एका प्रश्नानें आम्हांस अडविलें. तो प्रश्न ओघानें पुढें येईलच.

मौदा हें कन्हान नदीच्या कांठचें, नागपूर-भंडारा रस्त्यावरचें गांव. अलीकडे औष्णिक विद्युत्केंद्रामुळें त्याचें नांव बाहेर ऐकूं येतें. इतिहासाच्या अभ्यासकांनीं मात्र त्याकडे फारसें पाहिलेलें नाहीं. तेथून उत्तरेस निघालें कीं धानाची शेतें लागतात, आणि आपण नकळत वाकाटकांच्या राजधानीच्या मुलखांत शिरतों. नगरधन, म्हणजे ताम्रपटांतील नंदिवर्धन, हें रामटेकच्या दक्षिणेस अगदीं जवळ आहे. तेथें २०१५ पासूनच्या तीन-चार वर्षांत डेक्कन कॉलेज व राज्याचें पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें. त्यांत मातीची एक लहानशी मुद्रा निघाली. तिच्यावर शंख असून ब्राह्मी अक्षरांत राणी प्रभावतीगुप्ता हिचें नांव आहे. ताम्रपटांतून जिला आपण इतकीं वर्षें ओळखत होतों तिच्या कारभाराची खूण प्रत्यक्ष तिच्याच राजधानीच्या मातींत सांपडली, याहून समाधानाची गोष्ट संशोधकास क्वचितच लाभते.

प्रभावतीगुप्ता ही द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या. आई नागकुलांतील कुबेरनागा. वाकाटक राजा द्वितीय रुद्रसेन यास ती दिली. रुद्रसेन अकालीं वारला, आणि पुत्र दिवाकरसेन लहान असल्यामुळें राज्याचा भार तिच्यावर पडला. तिचे दोन ताम्रपट सर्वपरिचित आहेत. पहिला पुण्याचा म्हणून ओळखला जातो. तो पुण्यास एका तांबटाच्या घरीं मिळाला, एवढाच त्याचा व पुण्याचा संबंध. मूळ तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे. दुसरा ऋद्धपूरचा. तो महानुभावांच्या त्या क्षेत्रीं एका महंताकडे होता, आणि तो रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून, म्हणजे रामटेकच्या डोंगरावरूनच दिलेला आहे. पहिला तिच्या कारभाराच्या तेराव्या वर्षाचा, दुसरा तिचा पुत्र द्वितीय प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा. दोहोंमध्यें बराच काळ गेलेला. पहिल्या पटांत ती युवराजाची माता आहे. दुसऱ्यांत ती इतकी वृद्ध आहे कीं तिच्या विशेषणांत शंभर वर्षांचा उल्लेख येतो. हीं शंभर वर्षें तिचीं स्वतःचीं धरावीं कीं तिच्या पुत्रपौत्रांस चिंतिलेल्या दीर्घायुष्याचीं, यावर विद्वानांत वाद आहे. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. ती जराजीर्ण झालेली होती हें कसेंहि खरेंच.

आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दोन्ही पटांची तिथि एकच आहे : कार्तिक शुद्ध द्वादशी. अदल्या दिवशीं प्रबोधिनी एकादशी. चार महिने शेषशय्येवर निजलेला विष्णु त्या दिवशीं जागा होतो. उपोषण करून दुसऱ्या दिवशीं पारण्याच्या वेळीं राणीनें भगवंताच्या पायांशीं निवेदन करून भूमि दान दिली, असा त्याचा सरळ अर्थ. मधल्या कित्येक वर्षांत राज्य पुत्राकडे गेलें, दानाचें गांव बदललें, दान घेणारे बदलले. तिथि बदलली नाहीं. दोन पटांवरून दरसालचा नेम सिद्ध होत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु आयुष्याच्या दोन टोकांचे हे दोन पट एकाच तिथीचे निघावेत, हा निव्वळ योगायोग मानण्यास मन घेत नाहीं.

आम्ही दशमीस तेथें पोंचलों. द्वादशीच्या सकाळीं वरच्या मंदिरासमोरच्या कठड्याशीं बसून हा सर्व मजकूर आमच्या कुटुंबास सांगत होतों. ताम्रपटांची गोडी त्यांस बेताचीच. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारिलें, “अहो, ती इथें आली तेव्हां तिच्या सोबत कोण होतें?”

प्रश्न साधा, परंतु ताम्रपट ज्या दृष्टीनें आम्ही आजवर वाचीत आलों तींत तो कधीं उद्भवलाच नव्हता. गोत्र, राजवर्ष, गांवाच्या चतुःसीमा, लेखकाचें नांव, एवढें पाहिलें कीं आमचें काम झालें. प्रश्नाचें पहिलें उत्तर असें कीं, कोणी नव्हतें. ती विधवा होती. पटांत ती आपलें गोत्र पित्याचें, धारण गोत्र, सांगते, आणि वंशावळहि आधीं गुप्तांची देते. यावरून ती माहेरच्या अभिमानांत राहिली, पतीच्या घराशीं तिचें मन जुळलें नाहीं, असाहि तर्क कोणी करील. तो आम्हांस पटत नाहीं, आणि त्याचें कारण वाकाटकांच्याच पटांत आहे. त्या घराण्यांत प्रथम रुद्रसेन महाभैरवाचा भक्त. त्याचा पुत्र पृथिवीषेण शैव. पुढें प्रवरसेनहि शंभूचाच उपासक. या सर्वांमध्यें एकटा द्वितीय रुद्रसेन, प्रभावतीचा पति, तेवढा चक्रपाणीचा भक्त म्हणून सांगितला आहे. शैव बापाचा मुलगा आणि शैव मुलाचा बाप मध्यें एकटाच वैष्णव कसा झाला? गुप्त घराणें परमभागवत. राणीच्या संगतीनें पतीची उपासना पालटली, असेंच पुष्कळांनीं मानिलें आहे, व तें युक्त दिसतें. त्या दोघांच्या अल्पकाळच्या संसाराविषयीं दुसरी कसलीहि नोंद उरलेली नाहीं. एकानें दुसऱ्याचा देव घेतला, एवढाच पुरावा. रुद्रसेन तिच्याबरोबर कार्तिकांत या टेकडीवर चढला होता काय, हें पट सांगत नाहींत. तो चढला असावा, असें मानावयास मात्र ही एक खिडकी उघडी आहे.

येथें मेघदूताचा विषय टाळतां येत नाहीं. रामगिरि म्हणजे रामटेक, हें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं हिरिरीनें मांडिलें. सरगुजांतील रामगड म्हणणारा पक्षहि आहे. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमचा मुद्दा केवळ पंचांगाचा आहे. यक्षाचा शाप विष्णु शेषशय्येवरून उठेल त्या दिवशीं संपावयाचा आहे, आणि त्यानंतरच्या पूर्ण चांदण्याच्या रात्रीं दोघांनीं मनींचे सारे मनोरथ पुरवावे, असा निरोप तो पाठवितो. म्हणजे कवीच्या मनांतही पतिपत्नींच्या भेटीचा काळ हाच : प्रबोधिनीनंतरच्या, पाऊस ओसरलेल्या, गार पडूं लागलेल्या रात्री. आपण सर्व जण त्या काव्यांतील ढग तेवढा लक्षांत ठेवितों, त्यामुळें रामगिरीचें नांव काढलें कीं आषाढच आठवतो. वस्तुतः यक्षाचे डोळे लागलेले आहेत कार्तिकाकडे. काव्याच्या आरंभीं आषाढाचा पहिला दिवस वाचावा कीं अखेरचा, याविषयीं वल्लभदेव व मल्लिनाथ यांचा मतभेद प्रसिद्धच आहे, आणि तो वादहि शापाचे उरलेले चार महिने कार्तिकी एकादशीस कसे पुरे होतील या हिशेबावरूनच निघालेला आहे. टीकाकारांनीं जो दिवस बोटांवर मोजला तोच दिवस राणीच्या दोन्ही पटांच्या अलीकडचा आहे. या मेळाकडे अभ्यासकांचें लक्ष पूर्वीं गेलेलें आहे. नवा शोध लाविल्याचा आव आम्ही आणीत नाहीं. शिवाय प्रबोधिनी ही सर्व भरतखंडाची; तेवढ्यावरून काव्यांतील रामगिरि रामटेकच, असें सिद्ध होत नाहीं. काव्यांत रघुपतीच्या पावलांचा उल्लेख आहे, पटांत रामगिरिस्वामीच्या पादमूलाचा आहे, हें साम्य त्याहून अधिक वजनाचें. जलाशयाचें पाणी सीतेच्या स्नानानें पावन झालें, असेंहि कवि म्हणतो. डोंगर रामाचा आणि पाणी सीतेचें. स्थान मुळांतच जोडप्याचें आहे.

ऋतुगणनेचा एक आक्षेप येथेंच निवारितों. शास्त्राप्रमाणें कार्तिक हा शरदांतला, हेमंत मार्गशीर्षापासून. तें खरें. परंतु आमच्या प्रांतीं दिवाळी झाली कीं पहांटे शाल लागते, आणि लोक त्यास हिवाळाच म्हणतात. लोकांचा हिवाळा आम्हीं धरिला आहे.

याच डोंगराची दुसरी एक बाजू महानुभावांच्या वाङ्मयांत दिसते, आणि ती पहिलीच्या अगदीं उलट आहे. भडोचचा हरिपाळदेव, पुढें जे श्रीचक्रधर म्हणून प्रसिद्ध झाले ते, रामयात्रेचें निमित्त सांगून घरून निघाले. ही रामयात्रा म्हणजे रामटेकची. वाटेंत ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि घर कायमचें सुटलें. मागें पत्नी कमळाईसा राहिली. लीळाचरित्रांतील हा प्रसंग संन्यासाच्या अंगानें नेहमींच वाचला जातो. आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे गेलें : तेराव्या शतकांत गुजराथेंतील प्रधानाच्या घरीं “रामटेकास जातों” हें घर सोडण्याचें ग्राह्य कारण होतें. इतक्या दूर त्या यात्रेचा बोलबाला होता. रामटेकच्या लक्ष्मणमंदिरांत यादव रामचंद्राच्या काळचा जो शिलालेख आहे, त्यांत या टेकडीवरील व भोंवतालच्या तीर्थांची यादी येते. झिजलेला असूनहि त्यावरून क्षेत्राची त्या वेळची भरभराट उघड होते. आणि योग पहा, रामयात्रेस निघालेल्या पुरुषास ज्या ऋद्धपुरानें अडविलें, त्याच ऋद्धपुरानें रामगिरीवरून दिलेला राणीचा पट सांभाळून ठेविला.

भोंसल्यांच्या काळाविषयीं आमची अपेक्षा मोठी होती. रघूजी पहिल्यानें रामटेकच्या देवस्थानाकडे लक्ष पुरविलें. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ या दरवाजांतून वर जातांना त्या घराण्याचा हात ठिकठिकाणीं जाणवतो. तेव्हां त्यांच्या दप्तरांत राजाराणीच्या हिवाळी मुक्कामांचे दाखले विपुल असावेत, असें वाटे. छापून निघालेले कागद आम्हीं चाळले, पण मनासारखें फारसें हातीं लागलें नाहीं. आणि कारण ध्यानांत आल्यावर आमचेंच हंसूं आलें. मराठ्यांचा हिवाळा घरचा नव्हेच. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्यास सीमोल्लंघन, आणि थंडींत मुलूखगिरी. यक्षाचा विरह पावसाळ्यांतला. मराठी शिपायाच्या बायकोचा विरह हिवाळ्यांतला. भास्करराम कोल्हटकराच्या हाताखालीं नागपूरकरांची फौज १७४२ सालीं बंगाल्यांत उतरली, तेव्हां किती घरांतून तो हिवाळा एकटीनें काढावा लागला असेल! पुढेंहि तेंच. अडगांवची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची. गाविलगड पडला तो १५ डिसेंबरास. देवगांवचा तह १७ डिसेंबरास. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरांत, २६ व २७ या तारखांस. नागपूरच्या राज्याचे सारे कडू दिवस या सुखाच्या ऋतूंतच उगवले. गाविलगडाच्या पायथ्याशीं हिंडणाऱ्या आजच्या जोडप्यांस कोणीं हें सांगूं नये, नाहीं तर त्यांची हवापालट बिघडावयाची.

लढाईवर न गेलेल्यांचें काय? कुळकर्णी, जोशी, सावकार, धानाचे कास्तकार, विणकर? यांच्यासाठीं यात्रा होती. पाऊस थांबून कन्हान-सूर या नद्यांस उतार झाला, चातुर्मास सुटला, कीं रामटेकची कार्तिकी यात्रा भरे. ती पौर्णिमेस त्रिपुर लागेपर्यंत चढत जाई आणि पुढें कांहीं दिवस रेंगाळे. ती आजहि भरते. यात्रेंत धर्म किती आणि विश्रांति किती, हें विचारणें व्यर्थ आहे. जुन्या लोकांनीं हा भेद केलाच नाहीं. एकत्र कुटुंबांत नव्या सुनेस नवऱ्याशीं दिवसाढवळ्या चार शब्द बोलण्याची सोय नव्हती. घर सोडून दोघांनींच चार दिवस बाहेर राहावें, तर त्यास सबब हवी, आणि ती वडिलधाऱ्यांस मोडतां येऊं नये. धर्मकृत्य सपत्नीक करावें लागतें, उपरण्यास पदराची गांठ मारून देवापुढें बसावें लागतें, ही सबब अशी होती कीं सासूनेंच बैलगाडी जुंपावयास सांगावी. आमच्या लहानपणीं घरांतील एक वृद्ध बाई सांगत कीं, लग्न झाल्यावर नवऱ्याचा चेहरा आपण नीट पाहिला तो रामटेकास, आंबाळ्याच्या घाटावर. हें वाक्य आम्ही त्या वेळीं विनोद म्हणून ऐकलें. आतां तें आम्हांस पुराव्याच्या दर्जाचें वाटतें.

तुळशीच्या लग्नाचा आरंभ द्वादशीसच होतो, हेंहि येथें नमूद करावेंसें वाटतें. राणीनें दान दिलें त्या तिथीसच पुढें घरोघर देवाचें लग्न लागूं लागलें. ही चाल पांचव्या शतकांत होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिथीचा महिमा तिच्यापूर्वींचा, एवढेंच म्हणतों. द्वादशीच्या संध्याकाळीं आम्ही खालीं गांवांत उतरलों, तों अंगणांअंगणांतून ऊंस बांधलेले होते आणि मंगलाष्टकें चाललीं होतीं. गारवा बरा होता. रामटेकचें पान पूर्वींपासून नांवाजलेलें. तेथील बरयांचे पानमळे प्रसिद्ध आहेत. एका दुकानीं विडे घेतले आणि आंबाळ्याच्या कांठीं बसलों. आमच्या कुटुंबानें सकाळचा प्रश्न तेथें पुन्हां काढिला व स्वतःच उत्तर दिलें कीं, राणी तीच तिथि धरून बसली याचें कारण पहिल्यांदा ती दोघें मिळून त्या तिथीस आलीं असतील. यास पुरावा नाहीं, असें आम्हीं म्हटलें. “पुरावा ठेवायला बाई कुठं जाईल?” असें उत्तर आलें. तें आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं. येथें तें मत म्हणून नोंदवितों, सिद्धांत म्हणून नव्हे.

यावरून संग्राहक मंडळींस एक विनंति करावयाची आहे. पुण्याचा ताम्रपट तांबटाच्या घरीं होता. तांबटाच्या घरीं तांब्याचा जुना पत्रा म्हणजे काय, हें सांगावयास नको. भात्याजवळून तो परत आला हें आपलें नशीब. परंतु ताम्रपटास निदान वजन असतें, मुद्रा असते, त्यामुळें तो कोणी तरी उचलून पाहतो. घरगुती रोजकिर्दी, यात्रेच्या खर्चाच्या चिठ्या, बैलगाडीच्या भाड्याच्या टांचणी, बायकांनीं भिंतीवर अगर चोपडीच्या मागच्या पानावर केलेल्या खुणा, यांस कोणी हात लावीत नाहीं. जुनीं दप्तरें फोडतांना आपण सनदा, महजर, निवाडे, करीने बाजूस काढितों आणि बाकीचा गठ्ठा “किरकोळ” असें लिहून बांधून टाकितों. पुढें तो वाळवीस किंवा रद्दीवाल्यास जातो. आम्हीहि हेंच केलें आहे. हातीं आलेल्या एका रुमालांतील असे कागद तरुणपणीं आम्हीं न वाचतां परत दिले, आणि वर्षांनीं चौकशी केली तेव्हां ते उरलेले नव्हते. त्यांत काय होतें तें आतां कळणें नाहीं. रामटेक, मौदा, भंडारा या टापूंतील ज्या घरीं कार्तिकांतील खर्चाचीं जुनीं पानें असतील, त्यांनीं त्यांतील पुढील बाबी उतरून पाठवाव्या : कोण कोण गेलें, किती रात्री राहिलीं, बाईचें नांव लिहिलें आहे काय, आणि देवापुढें ठेविल्याखेरीज आणखी कशावर पैसा गेला. बांगड्या, विडे, शाल असें कांहीं दिसल्यास तें वगळूं नये.

त्रयोदशीस सकाळीं आम्ही परत निघालों. नगरधनाच्या कोटाजवळ गाडी थांबवून थोडें हिंडलों. जेथें ती मातीची मुद्रा निघाली त्या शेतवाडींत आतां पाहण्याजोगें कांहीं नाहीं. धान कापून नेलें होतें आणि एक जोडपें मळणीच्या तयारीनें खळें सारवीत होतें. मौद्यास पोंचल्यावर तीन रात्रींचा खर्च चोपडींत तपशीलवार मांडिला. आमच्या कुटुंबाच्या सांगण्यावरून विडे वेगळ्या ओळीवर लिहिले आहेत.